सांगलीच्या उन्हाळ्यासाठी पीसी जुळवताना: रॅम आणि कूलर

कुठल्याही सीपीयू कूलरचा, म्हणजे पीसीची मुख्य चिप थंड ठेवणाऱ्या भागाचा, रिव्ह्यू उघडा, चाचणी बहुधा 20 ते 22 अंशांच्या खोलीत झालेली असते. सांगलीत एप्रिल-मेमध्ये, वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या खोलीत दुपारी चार वाजता 37-38 अंश सहज असतात. पत्र्याची खोली असेल तर त्याहून जास्त. म्हणून रिव्ह्यूमधला आकडा जसाच्या तसा घेऊ नका. त्यातून त्यांच्या खोलीचं तापमान वजा करा आणि उरेल त्यात आपल्या खोलीचं मिळवा. 22 अंशांच्या खोलीत 75 अंश दाखवणारा कूलर सीपीयूला खोलीपेक्षा 53 अंश वर ठेवतो. आपल्याकडे 37 च्या खोलीत तोच सीपीयू 90 वर जाईल. हवेचा असो वा पाण्याचा, कूलर खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, त्यामुळे ही बेरीज चुकवता येत नाही.

90 अंश म्हणजे सीपीयू जळाला असं नव्हे. एएमडीच्या रायझन 7000 मधल्या बहुतेक चिपची मर्यादा 95 अंश आहे, 7800 एक्स3डीची 89, इंटेलच्या 12 व्या ते 14 व्या पिढीतल्या बहुतेक चिपची 100. मर्यादा गाठली की चिप स्वतःच वेग कमी करते. जीवाला धोका नसतो, पण ज्या वेगाचे पैसे मोजले तो दुपारी मिळत नाही, आणि पंखे पूर्ण वेगाने घोंघावतात. सांगली, मिरज, कुपवाड, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) इथे पीसी जुळवणाऱ्याने भाग मेच्या दुपारसाठी निवडावेत. डिसेंबरमध्ये सगळंच चांगलं चालतं.

आता कूलर. चिप खरोखर किती वॉट घेते ते पाहा, पुठ्ठ्यावरच्या 65 वर जाऊ नका. रायझन 5 7600 ही 65 वॉटची म्हणून विकली जाते, पण ती 88 वॉटपर्यंत जाते. आय5-12400एफ ही 117 पर्यंत. 7600एक्स 142 पर्यंत, आणि आय7-14700के 253 पर्यंत. पहिल्या दोन्हींसोबत बॉक्समध्ये कूलर येतो. ऑफिसचं काम, टॅली, ब्राउझर एवढंच असेल तर तो पुरतो. तासन्‌तास रेंडर (तयार व्हिडिओ किंवा 3डी चित्र बनवण्याचं काम) चालणार असेल, लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचे असतील, तर चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि 120 मिमी पंखा असलेला, एका टॉवरचा (पातळ पत्र्यांच्या एकाच उभ्या ठोकळ्याचा) कूलर घ्या. डीपकूलचा एके400 हा या वर्गातला सरळसाधा पर्याय. 142 वॉटच्या चिपला सहा पाइपांचा दोन टॉवरचा कूलर घ्यावा, उदाहरणार्थ थर्मलराइटचा पीरलेस असॅसिन 120 एसई. किंवा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोड (कमी विजेवर चालवणारी सेटिंग) लावून चिप 65 वॉटच्या वर्गात उतरवावी. 7600एक्सला इको मोडमध्ये गेमिंगमध्ये फरक जवळपास जाणवत नाही, रेंडरमध्ये थोडा वेग जातो, आणि उष्णता मात्र खूप कमी होते. एसी नसलेल्या खोलीत पहिल्याच दिवशी करण्यासारखी ही गोष्ट आहे.

7800 एक्स3डीच्या पुठ्ठ्यावर 120 वॉट लिहिलेलं असलं तरी गेममध्ये ती त्याहून बरीच कमी वीज घेते. चांगला टॉवर कूलर तिला पुरतो. 14700के मात्र एसीविना स्लॅबखाली घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. घ्यायचीच असेल तर 360 मिमीचा लिक्विड कूलर लावा आणि तरीही बायोसमध्ये 150 वॉटच्या आसपास मर्यादा घाला.

लिक्विड कूलरबद्दल इथे बरंच आकर्षण आहे. मोठ्या चिपला त्याचा उपयोग आहे, 100 वॉटच्या आतल्या चिपला त्याचे पैसे वाया जातात. पंप बिघडला की घरी दुरुस्ती होत नाही, नळ्यांमधून पाणी वर्षानुवर्षं थोडंथोडं उडत राहतं, आणि सॉकेटभोवतीच्या (सीपीयू बसतो त्या जागेभोवतीच्या) व्हीआरएमवरून, म्हणजे सीपीयूला वीज पुरवणाऱ्या भागांवरून, टॉवर कूलरचा पंखा जी हवा फिरवतो ती मिळत नाही. लावलाच तर रेडिएटर (पाणी थंड करणारा जाळीदार भाग) वर छताला किंवा पुढे उभा बसवा, पण रेडिएटरचा वरचा कडा पंपापेक्षा उंच राहील असा. पंप सगळ्यात वर आला तर हवेचे बुडबुडे त्यात अडकतात, कुरकुर ऐकू येते आणि पंप लवकर जातो.

कूलर मागवण्याआधी तीन मापं घ्या. एके400 आणि पीरलेस असॅसिन, दोन्हींची उंची 155 मिमी. तुमच्या कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची त्यापेक्षा जास्त हवी, अरुंद कॅबिनेटमध्ये ती नसते. दुसरं माप रॅमचं. साध्या हीटसिंकची स्टिक (रॅमची पट्टी) 31 ते 34 मिमी उंच असते, दिव्यांची आरजीबी स्टिक 44 मिमीच्या आसपास. दोन टॉवरच्या कूलरचा पुढचा पंखा थेट पहिल्या-दुसऱ्या स्लॉटवर येतो. उंच स्टिक असली की पंखा वर सरकवावा लागतो, आणि मग कॅबिनेटची काच बसत नाही. तिसरं, सॉकेट. एलजीए1700 ला (इंटेलच्या 12 व्या ते 14 व्या पिढीचं सॉकेट) छिद्रांमधलं अंतर 78 मिमी, आधीच्या एलजीए1200 ला 75. जुन्या कूलरसाठी नवी ब्रॅकेट मागून घ्या, ओढूनताणून स्क्रू लावलात तर तळ सपाट बसत नाही. एएमडीच्या जुन्या एएम4 सॉकेटचे जे कूलर मदरबोर्डच्या मूळ बॅकप्लेटवर (बोर्डामागच्या आधारपट्टीवर) बसतात ते एएम5 वर, म्हणजे रायझन 7000 च्या सॉकेटवर, चालतात. स्वतःची बॅकप्लेट लावणारे चालत नाहीत, कारण एएम5 ची बॅकप्लेट काढता येत नाही.

रॅमकडे वळू. 2025 च्या अखेरीपासून रॅमच्या किमती भडकल्या, कारण डेटा सेंटरकडून मेमरी चिपची मागणी प्रचंड वाढली. अशा वेळी चुकीची स्टिक घेणं जास्तच महागात पडतं.

आधी मदरबोर्ड पाहा. एएम4 म्हणजे फक्त डीडीआर4 (रॅमची आधीची पिढी). एएम5 आणि इंटेलचं एलजीए1851 म्हणजे फक्त डीडीआर5. एलजीए1700 मध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, एकाच नावाचे, फक्त शेवटी डी4 जोडलेलं असतं किंवा नसतं. दोन्ही स्टिकना 288 पिना आहेत, पण खाच वेगळ्या जागी आहे. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट फुटेल.

किती घ्यायची? आजच्या घडीला 16 जीबी ही खालची मर्यादा धरा. कोरलड्रॉमध्ये फ्लेक्सचे मोठे बॅनर, फोटोशॉप, मोठ्या असेंब्लीचं सॉलिडवर्क्स, 4के व्हिडिओ, यासाठी 32. सध्याच्या पीसीवर नेहमीचं सगळं काम उघडा, टास्क मॅनेजरमधला मेमरीचा आकडा पाहा. 80 टक्क्यांच्या वर राहत असेल तर दुप्पट घ्या, 50 च्या खाली असेल तर ते पैसे एसएसडीत घाला. ग्राफिक कार्ड नसलेल्या, म्हणजे 5600जी सारख्या चिपवर चालणाऱ्या पीसीत ग्राफिकसुद्धा याच रॅममधून जागा घेतं, हे हिशेबात धरायला विसरू नका.

एक स्टिक नको, दोन घ्या. डीडीआर4-3200 ची एक स्टिक सेकंदाला 25.6 जीबी डेटा हलवते, दोन चॅनेलवर (रॅम आणि सीपीयूमधल्या वाटांवर) दोन असल्या की 51.2. 5600जी सारख्या चिपवर हा फरक गेममध्ये डोळ्यांना दिसतो. मात्र डीडीआर5 मध्ये 8 जीबीच्या दोन स्टिक घेणं टाळा. 8 जीबीच्या डीडीआर5 स्टिकवर निम्म्याच चिप असतात, बँक गटही (चिपमधले मेमरीचे कप्पे) निम्मे, त्यामुळे ती 16 जीबीच्या स्टिकपेक्षा हळू पडते. बजेट ताणलेलं असेल तर एएम5 वर आज 16 ची एक आणि पुढे तशीच दुसरी, हा मार्ग मी 8 च्या जोडीपेक्षा बरा मानतो. दुसरी मिळेपर्यंत एकाच चॅनेलवर चालेल, आणि जुळणी न झाल्याचा थोडा धोका राहील, तेवढं मान्य असेल तरच. सगळ्यात उत्तम म्हणजे एकाच पाकिटातली, एकत्र तपासलेली जोडी.

चार स्टिकचा मोह एएम5 वर आवरा. दोन स्टिकना रायझन 7000 चा अधिकृत वेग 5200 आहे, चार लावल्या की 3600. चार लावून 6000 चालवणारे भेटतात, पण त्यांचं पाहून पैसे घालू नका. 64 जीबी हवी असेल तर 32 च्या दोन.

वेगाच्या आकड्यासोबत सीएल (डेटा मिळेपर्यंत रॅम किती चक्रं थांबवते तो आकडा) पाहायलाच हवा. सीएलला 2000 ने गुणा आणि वेगाने भागा, नॅनोसेकंद मिळतात, कमी तेवढं चांगलं. डीडीआर4-3200 सीएल16 म्हणजे 10. डीडीआर5-6000 सीएल30 म्हणजेही 10. डीडीआर5-6000 सीएल36 म्हणजे 12, आणि डीडीआर5-5600 सीएल40 म्हणजे 14.3. एएम5 ला 6000 सीएल30 ची जोडी सगळ्यात जुळून येते, कारण त्या वेगापर्यंत मेमरी कंट्रोलर (चिपमधला रॅम सांभाळणारा भाग) रॅमच्या बरोबरीने धावतो, फार वर गेलं की तो निम्म्यावर येतो. किंमत बरीच जास्त असेल तर सीएल36 घ्या. एक्स3डी चिपवर 96 एमबी कॅश (चिपमधलीच जलद मेमरी) असल्याने तिथे हा फरक आणखी कमी दिसतो. इंटेलच्या एच610 बोर्डावर डीडीआर4-3600 ची स्टिक घेऊन उपयोग नाही, ती 3200 वरच चालेल.

बसवताना सीपीयूपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. खटका दोन्ही टोकांना ऐकू आला पाहिजे. डीडीआर5 चा पीसी पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो, मेमरी ट्रेनिंग (बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं) चालू असतं. इथे बरेच जण घाबरून बटण दाबतात आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दहा मिनिटं हात लावू नका. मग आधी बायोस अपडेट, नंतर एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅमचा जाहीर वेग चालू करणारी सेटिंग). हा क्रम एएम5 वर महत्त्वाचा आहे. 2023 मध्ये एक्स्पो लावल्यावर काही बोर्ड एसओसीला (सीपीयूमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला) जास्त व्होल्टेज देत होते आणि चिप जळल्या, तेव्हापासूनच्या बायोसमध्ये 1.3 व्होल्टची मर्यादा आहे. एक्स्पो लावलंच नाही तर 6000 ची जोडी 4800 वर चालत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

कूलर बसवताना तळाचा पारदर्शक स्टिकर काढला का ते दोनदा पाहा. थर्मल पेस्ट (चिप आणि कूलरमधला लेप) मधोमध वाटाण्याएवढी, एलजीए1700 ची चिप लांबट असल्याने तिथे छोटी रेघ. स्क्रू कर्णरेषेत, थोडेथोडे आवळा. पंख्याची जी बाजू उघडी तिकडून हवा आत जाते, जिकडे मोटर धरणाऱ्या पट्ट्या तिकडून बाहेर. एएम4 वर जुना कूलर काढण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. थंड पेस्टवर सरळ वर ओढला तर सीपीयू पिनांसकट सॉकेटमधून निघून येतो.

कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं घ्या. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, एवढं पुरतं. आत येणारी हवा जास्त ठेवली की धूळ फटींतून न शिरता फिल्टरवर अडते. छताचा पुढचा पंखा बाहेर फेकणारा लावू नका, टॉवर कूलरला मिळणारी ताजी हवा तो आधीच ओढून नेतो. आणि कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट कोंबू नका. तिथे तीच गरम हवा फिरत राहते आणि वर केलेली सगळी बेरीज फुकट जाते.

आता तपासणी. मेमटेस्ट86 (रॅम तपासणारा प्रोग्राम) पेनड्राइव्हवरून चालवा, चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकसुद्धा चूक आली तर रॅम पास नाही. मात्र ही चाचणी ग्राफिक कार्ड थंड असताना होते. गरम झाल्यावर रॅममधला चार्ज लवकर गळतो, आणि 200 वॉटचं कार्ड कॅबिनेटमध्ये तापलं की रात्री पास झालेली जोडी दुपारी गेम मध्येच बंद पाडू शकते. म्हणून दुपारी, कार्डावर आणि मेमरीवर एकत्र भार टाकून तासभर पाहा. अडखळलं तर 6000 वरून 5600 वर उतरा. हिवाळ्यात जुळवलेला पीसी एप्रिलमध्ये पुन्हा तपासा. सीपीयूसाठी सिनेबेंच (सीपीयूवर भार टाकणारी चाचणी) वीस मिनिटं, शेजारी साधा थर्मामीटर, आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममधल्या आकड्यातून खोलीचं तापमान वजा. 50-55 चा फरक चालेल. 65 च्या पुढे गेला तर स्टिकर, सैल स्क्रू किंवा उलटा पंखा, या क्रमाने शोधा.

इथली धूळ वेगळी आहे. उसाची तोडणी सुरू झाली की पाचट पेटवतात आणि काळी काजळी घराघरांत येते. त्या महिन्यांत फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा, पूर्ण वाळवूनच लावा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, मोकळं फिरू देऊ नका. खोलीत पाण्याचा कूलर असेल तर एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याचा फायदाच होतो, खोली खरोखर थंड होते. फक्त झोत कॅबिनेटवर नको. बोअरच्या पाण्याच्या बारीक थेंबांतले क्षार बोर्डवर पांढरे थर धरतात.

पावसाळ्यात उलट. महाबळेश्वर-पाचगणीकडे उष्णतेचा प्रश्न नाही, ओलीचा आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीतही थोडाफार तोच. बंद ठेवलेल्या पीसीतली धूळ ओल धरते आणि पिना गंजतात, म्हणून दोन दिवसांआड तासभर चालू ठेवा. नदीकाठच्या भागात, 2005, 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या गल्ल्यांमध्ये, कॅबिनेट जमिनीवर ठेवूच नये. भिजलाच तर बटण दाबून पाहू नका. प्लग काढा, बोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी काढा, रॅम आणि कार्ड वेगळे करा, गाळ आधी स्वच्छ पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काही दिवस पंख्याखाली वाळवा. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) मात्र पुन्हा वापरू नका, नवाच घ्या.