कादंबरीतल्या राक्षसांसाठी इलेक्ट्रॉनिक संगीत रचताना

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबऱ्यांमधल्या तीन राक्षसांवर काळोख्या धाटणीचे इलेक्ट्रॉनिक संगीत रचायचे ठरवले, तेव्हा मी स्वतःला एकच नियम घालून घेतला: चित्रपटांनी त्यांना चिकटवलेला आवाज घ्यायचा नाही, कादंबरीच्या पानावर जे आहे त्यातूनच ध्वनीची युक्ती शोधायची. मेघगर्जना, किंकाळ्या आणि कुरकुरणारे दरवाजे या नियमामुळे आपोआप बाद झाले. गिरगावातील चाळीत माझी खोली आहे आणि साधने म्हणजे एक लॅपटॉप, हेडफोन आणि काही सॉफ्टवेअर सिंथेसायझर. असले संगीत मुंबईला परके आहे असे कोणी म्हटले, की मी चरणजित सिंग यांचे नाव घेतो. त्यांनी १९८२ साली याच शहरात रोलँडची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही खर्ज आणि ताल वाजवणारी यंत्रे वापरून रागांवर आधारित आख्खा अल्बम केला होता, आणि शिकागोतील अ‍ॅसिड हाउस हे नृत्यसंगीत तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

सर्वाधिक काळ ‘फ्रँकेन्स्टाईन’वर गेला. चपट्या डोक्याचा, मानेत बोल्ट असलेला, धड बोलता न येणारा प्राणी आपल्या मनात ठसला आहे तो १९३१ च्या चित्रपटामुळे. मेरी शेलीच्या १८१८ मधील कादंबरीत तो आठ फूट उंच आणि लांब काळ्या केसांचा आहे, तो मिल्टन वाचतो आणि आपल्या निर्मात्याशी कसलेल्या वकिलासारखा वाद घालतो. मला त्यातला खोपटाचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटला. एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात तो लपून राहतो, फटीतून त्यांना पाहत पाहत भाषा शिकतो आणि त्या घरातल्या अंध म्हाताऱ्याचे वादन ऐकून हेलावून जातो. माणसांचे संगीत त्याच्यापर्यंत पोहोचते, पण त्यात त्याला जागा नाही. हे ऐकू यायचे, तर सूर पलीकडूनच यायला हवा होता.

शेजारच्या काकू रोज संध्याकाळी पेटी वाजवतात. ‘तुमची पेटी भिंतीतून रेकॉर्ड केली तर चालेल का,’ असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘अरे, दारातून ये की, भिंतीतून कशाला?’ कारण सांगितल्यावर मात्र त्यांनी त्या राक्षसाची पूर्ण गोष्ट ऐकून घेतली आणि मग संमती दिली. लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पिझोची, म्हणजे थरथरीचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी, चकती अगदी स्वस्तात मिळते. तिला तार जोडून मी ती आमच्या सामाईक भिंतीवर चिकटवली. अशी चकती हवेतील आवाज जवळजवळ टिपत नाही, ती भिंतीची थरथर टिपते. वरच्या पट्टीतील धार त्यामुळे गळून गेली, सुरांचा गाभा राहिला आणि भात्याची धाप मात्र स्पष्ट उतरली. सॉफ्टवेअरमधील फिल्टरनेही आवाज दबका करता येतो, पण तो सर्वत्र सारखाच दबका होतो. भिंत काही सूर गिळते आणि काही सोडून देते, आणि तिचा हा पक्षपात मला हवा होता.

प्राण्यात जीव कसा फुंकला हे शेली कादंबरीत सांगत नाही, मात्र १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तिने गॅल्व्हानिझमचा, म्हणजे विजेने मृत स्नायू हलवण्याच्या प्रयोगांचा, उल्लेख केला आहे. म्हणून षड्जाच्या जागी मी विजेचीच गुणगुण वापरली. तांब्याच्या तारेची एक लहान कॉइल मीटर बोर्डाजवळ नुसती धरली, तरी ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर रेकॉर्ड होतात. सिंथेसायझरवरचा जवळचा सूर ४९ हर्ट्झचा, त्याच्या वरच्या सप्तकातला ९८ चा. हा ९८ चा सूर विजेच्या १०० हर्ट्झवर घासला, की सेकंदाला दोन ठोके पडतात, म्हणजेच १२० चा टेम्पो आपसूक मिळतो. किक ड्रम, म्हणजे तालातला खालचा ठोका, मी त्याच टेम्पोवर बसवला. विजेची वारंवारता बरोबर ५० वर कधीच स्थिर नसते, त्यामुळे ही धडधड किकपासून हळूहळू निसटते आणि पुन्हा जुळते. ते सरळ करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती, पण मी ती मुद्दामच वापरली नाही. मोबाइलच्या स्पीकरवर ५० हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यावर उपाय म्हणून सॅच्युरेशनने, म्हणजे आवाज किंचित विकृत करून, वरच्या पटींतले सूर ठळक केले, कारण ते ऐकल्यावर मूळ खर्जाची भर आपला मेंदूच घालतो.

‘ड्रॅक्युला’ची युक्ती मला दाढीच्या आरशाने दिली. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ मधील कादंबरीत जोनाथन हार्कर दाढी करत असताना काउंट, म्हणजे ड्रॅक्युला, त्याच्या मागे येऊन उभा राहतो, पण आरशात दिसत नाही. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, हे आवाजाचे जागेत पडणारे प्रतिबिंबच. तेव्हा एका दुपारी, मजल्यावरच्या सर्वांना कल्पना देऊन, चाळीच्या जिन्यात फुगा फोडला, त्याचा घुमारा रेकॉर्ड केला आणि कन्व्होल्यूशनच्या, म्हणजे एका जागेचा घुमारा दुसऱ्या आवाजाला लावण्याच्या तंत्राच्या, साहाय्याने प्रत्येक वाद्य त्या जिन्यात नेऊन ठेवले. फक्त काउंटचा खालचा, संथ सूर पूर्ण कोरडा, म्हणजे घुमाऱ्याविना, ठेवला. हेडफोनवर तो कानाला अक्षरशः खेटून उभा राहतो. स्पीकरवर हा परिणाम पातळ होतो, कारण ऐकणाऱ्याची खोलीच त्याला प्रतिबिंब देऊन टाकते. त्यामुळे ही रचना हेडफोनवरच ऐकावी, असे मी आग्रहाने सांगतो.

तिसरा राक्षस, म्हणजे स्टीव्हन्सनच्या १८८६ मधल्या कादंबरीत डॉ. जेकिल ज्याचे रूप घेतो तो हाइड, तुलनेने लवकर पूर्ण झाला. पडद्यावर तो अनेकदा धिप्पाड दिसतो, पुस्तकात मात्र तो जेकिलपेक्षा लहानखुरा आहे, इतका की जेकिलचे कपडे त्याच्या अंगावर लोंबतात. म्हणून त्याच धूनचे स्वरूप बदलताना मी आवाज खाली न नेता वर नेला आणि फॉर्मंटही, म्हणजे आवाजाला त्याचा पोत देणारे वारंवारतेचे पट्टेही, वर सरकवले. त्यातून आलेला चिरका, घाईचा सूर कोणत्याही घोगऱ्या गुरगुरण्यापेक्षा मला अधिक ओंगळ वाटतो.

मास्टरिंगच्या, म्हणजे अंतिम ध्वनिसंस्काराच्या, वेळी आवाज दाबून मोठा करण्याचा मोह टाळणे सोपे गेले. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) पातळीवर सर्व गाणी समान करते, त्यामुळे गाणे दाबून मोठे केल्याने हाती काही लागत नाही, उलट मधल्या शांत जागा मात्र मरतात.

आता वेताळावर काम चालू आहे. राजाने मौन सोडले, की प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लटकते, ही अट मला थेट रचनेत आणायची आहे: रंगमंचावर एक मायक्रोफोन श्रोत्यांकडे तोंड करून ठेवायचा आणि कोणी बोलले, की संगीत पहिल्या मात्रेवर परत जायचे. अडचण पंख्यांची आणि बाहेरच्या हॉर्नची आहे. मानवी बोलण्याचा बराचसा भाग ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि रिक्षाचा हॉर्नही नेमका तिथेच वाजतो. म्हणून केवळ पट्टा न पाहता शब्दांमधील चढउताराची लय ओळखणारा गेट, म्हणजे विशिष्ट आवाजावरच उघडणारे सॉफ्टवेअरचे दार, मी सध्या तयार करत आहे.