तुम्ही विचारलंत म्हणून: पावनखिंडीत खणत का नाही?

व्याख्यान संपलं की हात वर होतोच. "बाजीप्रभू नेमके कुठे उभे राहिले, ते उत्खनन करून एकदाचं दाखवा की!" मागोमाग अमेरिकेचा दाखला. पहिल्या महायुद्धातला अमेरिकी सैनिक ॲल्विन यॉर्क, ८ ऑक्टोबर १९१८, फ्रान्समधलं आर्गॉनचं जंगल, मोजक्या साथीदारांसह पकडलेले १३२ जर्मन कैदी. त्याची जागा सापडते, मग आमची का नाही?

सापडली म्हणता? दोन गटांनी दोन वेगळ्या जागा दाखवल्या आहेत. पण निदान भांडायला त्यांच्याकडे काडतुसं आहेत. पिस्तूल झाडलं की पितळी पुंगळी तिथेच पडते. अमेरिकेतच, १८७६च्या लिटल बिगहॉर्नच्या रणांगणावर तर पुंगळ्यांवरचे ठसे जुळवून एकेक बंदूक कुठून कुठे सरकली, तेही काढलं. तलवार मागे काय टाकते? हातातून पडलीच तर जिंकणारा उचलून नेतो. त्यात १६६०चा जुलै, पुढचे साडेतीनशेवर पावसाळे, हाडं खाणारी आम्लधर्मी माती. आशा काय ती शिशाच्या गोळ्यांची.

एकदा एक गृहस्थ त्याच घेऊन आले. पन्हाळा ते विशाळगड दरवर्षी चालणारे. मेटल डिटेक्टर लावून काढलेल्या, घासून लख्ख केलेल्या, रुमालात बांधलेल्या. एक चपटी झालेली होती. मी विचारलं, ही कुठे मिळाली? "वाटेवरच." ओढ्याच्या कुठल्या अंगाला? किती खोल? बाकीच्यांपासून किती लांब? त्यांनी हात गोल फिरवला. मी म्हणालो, पुरावा होता तो तुम्ही उपटून आणलात. "तुम्हाला बाजी नकोतच," म्हणाले आणि रुमाल उचलून निघून गेले. त्या गोळ्या त्या झुंजीतल्याच होत्या असं मी म्हणत नाही. कुणा शिकाऱ्याच्याही असतील. ते तपासायची सोयच राहिली नाही, राग त्याचा. माणूस खोटा नव्हता, हे जास्त बोचतं.

पूर्वी मी सांगायचो, "जागा महत्त्वाची नाही, पराक्रम महत्त्वाचा." टाळ्या पडायच्या. आज ती पळवाट वाटते. मूठभर माणसांनी एवढी फौज कशी थोपवली, ते खिंडीची रुंदी आणि चढच सांगणार. जागा सोडली तर बाजींच्या वाट्याला नुसतं रक्त उरतं, त्यांचं डोकं कुठे दिसतच नाही.

तर मग करा, म्हणाल. करायचंच तर आधी खोदकाम नको. परवानगी काढून जमिनीची पाहणी, सापडेल त्या प्रत्येक तुकड्याची जागच्या जागी नोंद. आणि काहीच मिळालं नाही तर? "लढाई झालीच नाही" म्हणणारे टपलेले असतात. त्यांना काय सांगायचं, ते आधी तुम्ही ठरवा. माझं अजून ठरलेलं नाही.