साठ ग्रॅम मलम

मी पुण्यात भूलतज्ज्ञ आहे. आठवड्याचे पाच दिवस शस्त्रक्रियागृहात जातात आणि शनिवारी दुपारी मी एका त्वचारोगतज्ज्ञ मैत्रिणीच्या दवाखान्यात जाते. योनिनिर्मितीच्या शस्त्रक्रियेची तयारी करणाऱ्या पारलिंगी स्त्रिया तिच्याकडे इलेक्ट्रोलिसिससाठी, म्हणजे विजेने केस कायमचे काढण्यासाठी, येतात आणि त्यांना बधिरतेची इंजेक्शने देणे हे माझे काम असते. या शस्त्रक्रियेच्या प्रचलित पद्धतीत शिश्नाची आणि वृषणकोशाची त्वचा आत वळवून योनिमार्गाचे अस्तर तयार करतात. त्या त्वचेत केसांची मुळे जिवंत राहिली, तर केस आतच वाढून गुंततात, स्राव आणि संसर्ग मागे लागतो, आणि नंतर तिथवर पोहोचून ते काढणे फार अवघड होते. म्हणून आधीच एकेका केसाच्या मुळापर्यंत बारीक सुई सरकवून, विजेने ते मूळ नष्ट करून, चिमट्याने केस उचलून घ्यावा लागतो. सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसल्यामुळे त्याच जागी पुन्हा पुन्हा यावे लागते, आणि हे काम अनेकदा वर्षभर चालते.

पावसाळ्यातल्या त्या शनिवारी सव्विशीतल्या एक बाई साताऱ्याहून एसटीने आल्या होत्या. आमच्याकडे त्यांची पहिलीच वेळ होती. वजन 54 किलो, कुठल्याही औषधाची ॲलर्जी नाही, हृदयाचा विकार नाही. आज काही औषध घेतले आहे का, या प्रश्नाला त्यांनी "नाही, डॉक्टर" असे लगेच उत्तर दिले. मी लिग्नोकेन हे बधिरतेचे औषध भरायला घेतले आणि सुईची जागा पाहण्यासाठी चादर बाजूला केली, तेव्हा जांघांमधली सगळी त्वचा खडूसारखी पांढरी पडलेली दिसली. त्या पांढऱ्या भागाला सरळ कडा होत्या आणि मधून बारीक चुण्यांच्या रेषा गेल्या होत्या. प्लास्टिकच्या कागदाखाली बधिरतेचे मलम राहिले की त्वचा अशी दिसू शकते.

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि विचारले, "तुम्ही काय लावले आहे?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितले, की आधी दुसऱ्या एका ठिकाणी थोडे मलम लावून थेट काम सुरू केले होते. चाळीस मिनिटांनी त्यांना ते असह्य झाले, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, "हे तुम्हीच ठरवलंय ना? मग सहन करा." त्या उठून निघून आल्या होत्या. या वेळी आपण ओरडलो तर इथूनही परत पाठवतील, या भीतीने त्यांनी पहाटेच 30 ग्रॅमच्या दोन ट्यूब लावल्या होत्या, वरून स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा कागद गुंडाळला होता आणि तसाच प्रवास केला होता. कागद त्यांनी आमच्या स्वच्छतागृहात काढला होता.

त्या मलमात 2.5 टक्के लिग्नोकेन आणि तेवढेच प्रिलोकेन हे बधिरतेचे दुसरे औषध असते, म्हणजे 60 ग्रॅममध्ये प्रत्येकी दीड हजार मिलिग्रॅम. त्यातले थोडेच रक्तात उतरते हे खरे. पण या भागाची त्वचा पातळ असते, ती औषध झपाट्याने शोषते, आणि वरच्या प्लास्टिकमुळे शोषण आणखी वाढते. 54 किलो वजनाला ॲड्रेनलिन न मिसळलेल्या लिग्नोकेनची माझी मर्यादा किलोमागे 4.5 मिलिग्रॅम, म्हणजे 243 मिलिग्रॅम येते. या 243 मधले किती आधीच खर्च झाले आहेत हे मला कोणत्याही उपायाने कळणार नव्हते, आणि जिथे बेरीज करता येत नाही तिथे मी सुई टोचत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2007 मध्ये याच विषयावर जाहीर इशारा दिला होता. लेझरने केस काढण्यापूर्वी पायांना बधिरतेचे मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणी, एक 22 वर्षांची आणि दुसरी 25 वर्षांची, दगावल्या होत्या.

हे औषध रक्तात जास्त झाले की विषबाधा होते. तिची सुरुवातीची लक्षणे मी एकेक विचारत गेले: ओठांभोवती मुंग्या येतात का, तोंडात धातूसारखी चव येते का, कानात आवाज होतो का. "जीभ सकाळपासून जड वाटतेय. उपाशी आहे म्हणून असेल," त्या म्हणाल्या. आम्ही मलम पुसून, धुऊन काढले, शिरेत सुई लावून ठेवली, हृदयाच्या ठोक्यांचा मॉनिटर जोडला आणि 20 टक्के लिपिड इमल्शनची, म्हणजे शिरेतून द्यायच्या स्निग्ध द्रावणाची, बाटली हाताशी आणून ठेवली, कारण या विषबाधेवर विशेष उपाय तोच आहे. प्रिलोकेनमुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमताही घटू शकते, म्हणून प्राणवायू मोजणाऱ्या बोटावरच्या यंत्राकडे आणि नखांच्या रंगाकडे मी सतत पाहत होते. आकडा 97 च्या खाली गेला नाही. तासाभराने जीभ मोकळी झाली, तरी आणखी दोन तास मी त्यांना सोडले नाही.

आज काम होणार नाही, असे सांगितल्यावर त्या रडल्या. शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाईल, एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्या दुसऱ्या ठिकाणचे ते वाक्य आठवून मला आजही संताप येतो, कारण त्या दोन ट्यूब त्या वाक्यानेच लावायला लावल्या होत्या.

पुढच्या शनिवारी त्या पोटभर नाश्ता करून, मलम न लावता आल्या. मी कागदावर 243 लिहिले आणि तो कागद त्यांना दिसेल असा भिंतीला चिकटवला. टोचताना होणारी जळजळ कमी व्हावी म्हणून औषधात थोडे सोडियम बायकार्बोनेट मिसळले, 30 गेजची, अगदी बारीक सुई घेतली आणि सावकाश टोचत गेले. शिश्नाच्या मुळाशी वरच्या दोन्ही अंगांना 100 मिलिग्रॅम गेले. वृषणकोशाला या इंजेक्शनाने बधिरता येत नाही, हे पुष्कळदा विसरले जाते. त्याच्या पुढच्या भागाच्या नसा जांघेतून येतात आणि मागच्या भागाच्या गुदद्वाराजवळून. पुढच्या भागासाठी 60 आणि मागच्यासाठी 40, अशी एकूण 200 मिलिग्रॅमची नोंद झाली. बर्फाचा तुकडा फिरवून गार लागते का ते विचारले आणि कुठेही कळले तर हात वर करायचा, असे ठरवले.

विसाव्या मिनिटाला हात वर झाला. "इथे, मागे डाव्या बाजूला, कळतंय," त्या म्हणाल्या आणि पाठोपाठ घाईने, "पण चालेल, सहन होईल." केस काढणाऱ्या ताईंनी हात थांबवला. मी तिथे आणखी 20 मिलिग्रॅम दिले, कागदावर 220 लिहिले, पाच मिनिटे थांबून पुन्हा बर्फ लावून पाहिला, आणि त्यांनी मान हलवल्यावरच काम पुढे सुरू झाले.