मुठीपासून पिस्तुलापर्यंत: आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात लाकडी ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, घडवण्यापासून झाली. नेमबाजाच्या हाताचं माप घ्यायचं, अक्रोडाच्या ठोकळ्यातून ग्रिप कोरायची आणि ती हातात नीट बसेपर्यंत घासायची, एवढंच काम. पिस्तूल निवडून देणं पुढे त्यातूनच आलं, कारण ग्रिप कितीही चांगली घडवली तरी काही पिस्तुलं काही हातांना बसतच नाहीत, हे कामाच्या टेबलावर सतत दिसत होतं. मग ट्रिगर तोलायची वजनं आली, साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खुणांचे, सुटे भाग आले, दारूगोळा तपासायचा शिकंजा आला. विकत घेण्याआधी ग्राहकाने रेंजवर चालवून पाहावीत म्हणून काही पिस्तुलंही ठेवली. व्यवसाय ज्या क्रमाने वाढला, त्याच क्रमाने आम्ही छंदाच्या नेमबाजीसाठी पिस्तूल निवडतो: आधी हात, मग ट्रिगर, मग साइट, मग गोळी. कंपनीचं नाव त्यानंतर. येणारे बहुतेक जण कंपनी आणि कॅलिबर (गोळीचा व्यास) ठरवूनच येतात, त्यामुळे ते तूर्त बाजूला ठेवा, हे समजावण्यात बराच वेळ जातो. तो वेळ आम्ही आनंदाने देतो.

पिस्तूल हातात घेतलं की पहिलं काम ते रिकामं आहे याची खात्री. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बाहेर, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे, चेंबर (नळीतली गोळी बसायची जागा) डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानेही चाचपायचं. नळीचं तोंड कायम टार्गेटच्या दिशेला, आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. दुसऱ्याने आत्ताच तपासलेलं पिस्तूलही आपल्या हातात आलं की पुन्हा तपासायचं.

आता माप. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी ग्रिपच्या मागे जितकी वर जाईल तितकी वर बसवायची. या स्थितीत नळी आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात एका रेषेत यायला हवेत. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल मध्य ट्रिगरवर आला आणि बाकीचं बोट ग्रिपला न घासता मोकळं राहिलं, तर पकड बरोबर. नुसतं टोक पोचत असेल तर ट्रिगर सरळ मागे न येता बाजूला ढकलला जातो. बोट सांध्यापर्यंत आत जात असेल तर तो विरुद्ध बाजूला ओढला जातो. दोन्ही वेळा कागदावरचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, आडवा सरकतो आणि माणूस विनाकारण साइटचे स्क्रू फिरवत बसतो.

दुसरी परीक्षा डोळे मिटून करायची. हात नेमाच्या उंचीला आणायचा, डोळे मिटायचे, श्वास सोडायचा आणि दोन-तीन सेकंदांनी डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. चार-पाच वेळा करूनही ती एकाच बाजूला दिसत असेल तर ग्रिपचा कोन चुकतो आहे. मनगट वळवून ती मध्यावर आणता येते, पण स्नायू थकले की मनगट आपल्या मूळ जागी परततं आणि गोळीही तिकडेच जाते. मॅच एअर पिस्तुलांत, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलांत, हा कोन स्क्रूने बदलता येतो. .२२ (इंच कॅलिबर) पिस्तुलाच्या लाकडी ग्रिपमध्ये लाकूड काढावं किंवा भरावं लागतं.

भरायचं काम घरीही जमतं. दोन घटक मिसळून लावायची लाकडाची पुट्टी घ्या, हातात पातळ मोजा घाला, पुट्टीचा दोन-तीन मिलिमीटरचा थर द्या आणि नेमाच्या पवित्र्यात उभं राहून ठसे उमटेपर्यंत ग्रिप धरा. ग्रिप मात्र पिस्तुलावरून काढूनच घासायची, नाहीतर भुसा ट्रिगरच्या भागांत शिरतो. २४ तास सुकल्यावर आधी ८० नंबरचा, मग १२० नंबरचा पॉलिशपेपर. तळहाताखालची लाकडी टेक हाताला लागावी, पण हात आवळू नये. तिथे आम्ही एखादा मिलिमीटर जागा सोडतो, कारण नेमबाजी सुरू झाली की हात तापतो आणि किंचित फुगतो. दाब द्यायचा तो मधलं बोट आणि अनामिका यांनी, सरळ मागे. अंगठा आणि करंगळी सैल.

डावखुऱ्यांनी ग्रिपबरोबर सेफ्टीचा खटका आणि रिकामी केस बाहेर फेकणारी खिडकीही पाहावी. दोन्ही हातांसाठी म्हणून मिळणारी सरळ ग्रिप खरं तर कुठल्याच हाताला पूर्ण बसत नाही.

वजनासाठी आमची कसोटी साधी आहे. एका हाताने नेम धरून १५ सेकंद थांबायचं. सुरुवातीला साइट हलते, मग स्थिर होते, आणि पुन्हा हलू लागते. ही स्थिर वेळ पाच-सात सेकंदही टिकत नसेल तर पिस्तूल त्या हाताला जड आहे, किंवा त्याचा तोल फार पुढे आहे. मॅच एअर पिस्तुलं साधारण ८५० ते १००० ग्रॅमची असतात. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमात कमाल मर्यादा १५०० ग्रॅम आहे, पण ती गाठायची काहीच गरज नाही.

ट्रिगरच्या बाबतीत एक हिशेब आम्ही प्रत्येकाला करून दाखवतो. प्लास्टिक फ्रेमचं ९ मिमी पिस्तूल रिकामं असताना साधारण ६०० ते ७५० ग्रॅम भरतं आणि त्याचा ट्रिगर सुटायला अडीच किलोच्या आसपास ओढ लागते. म्हणजे पिस्तुलाच्या वजनाच्या तिपटीहून जास्त जोर एकटी तर्जनी लावते, आणि तेवढ्या वेळात बाकी हाताने ते हलू द्यायचं नाही. १० मीटर एअर पिस्तुलात किमान ओढ ५०० ग्रॅम आणि २५ मीटर .२२ पिस्तुलात १००० ग्रॅम ठरवलेली आहे. नवख्याला पहिल्याच दिवशी एअर पिस्तुलावर बरे गुण मिळतात, त्यामागे हे मोठं कारण आहे.

आम्ही दोन टप्प्यांचा ट्रिगर सुचवतो. एकूण ५०० ग्रॅमपैकी ३५० ते ४०० ग्रॅम पहिल्या टप्प्यात आणि उरलेले दुसऱ्या टप्प्यात ठेवले की दोन टप्प्यांमधली भिंत बोटाला स्पष्ट लागते. वजन तपासताना नळी उभी धरून ट्रिगरला वजन लटकवायचं आणि पिस्तूल सावकाश उचलायचं. घोडा (ट्रिगर नव्हे, तर ट्रिगर दाबल्यावर सुटून आघात करणारा भाग) सुटता कामा नये. आम्ही नेमक्या ५०० वर न ठेवता ५१० ते ५२० वर ठेवतो, कारण धूळ, तेल आणि झीज यांमुळे तो पुढे थोडा उतरू शकतो. ओढ, प्रवास आणि थांबा यांचे स्क्रू मालकाने फिरवायला हरकत नाही. सिअर, म्हणजे घोड्याला रोखून धरणारा खटका, घोड्याला किती अडकतो ते ठरवणाऱ्या स्क्रूला मात्र हात लावू नये. तो जास्त सोडवला तर स्लाइड बंद होताच घोडा आपोआप पडू शकतो, किंवा एका दाबात दोन गोळ्या सुटू शकतात. असं पिस्तूल रेंजवर एक क्षणही नको.

रिव्हॉल्व्हरबद्दल नवीन लोक कमी विचारतात, याचं आम्हाला वाईट वाटतं. घोडा हाताने मागे ओढला तर ट्रिगर हलका, कुरकुरीत सुटतो. मॅगझिन नसल्याने गोळी अडकण्याची बरीच कारणंच संपतात, आणि गोळी मंद असो की वेगवान, सिलिंडर फिरतोच. .३८ स्पेशल या कॅलिबरची १४८ ग्रेनची (गोळीच्या वजनाचं एकक) सपाट तोंडाची वॉडकटर गोळी कागदात इतकं स्वच्छ भोक पाडते की गुण मोजताना वाद होत नाही.

साइटचं गणित सोपं आहे. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर जितकं जास्त, तितकी चूक कागदावर कमी मोठी होते. साइट एक दशांश मिलिमीटर सरकली, तर १५० मिमी अंतराच्या पिस्तुलाची गोळी २५ मीटरवर १७ मिमी हलते आणि २२० मिमीच्या पिस्तुलाची ११ मिमी. २५ मीटरच्या अचूकता-टार्गेटचं दहाचं वर्तुळ ५० मिमी व्यासाचं असतं. १० मीटरच्या एअर पिस्तुल टार्गेटचं ते फक्त ११.५ मिमी. आखूड नळीचं पिस्तूल हातात सुटसुटीत वाटतं, पण टार्गेट नेमबाजीत ते शिकणाऱ्याची परीक्षाच घेतं. मागची साइट स्क्रूने दोन्ही दिशांना सरकणारी हवी. गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साइट न्यायची. मात्र एका गोळीवरून कधीही नाही, किमान पाच गोळ्यांचा ग्रुप पाहूनच.

नजर पुढच्या साइटवर, टार्गेट धूसर. चाळिशीनंतर हेच अवघड होतं. वाचायचा चष्मा लावला तर टार्गेट पूर्ण पुसलं जातं. लांबच्या नंबरात साधारण +०.५० मिळवलेली काच बहुतेकांना चालते, कारण पुढची साइट डोळ्यापासून जवळजवळ एक मीटरवर असते आणि ही काच साइट व टार्गेट यांच्यामधली तडजोड साधते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना हे अंतर मोजून न्यावं. रेड डॉटने, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटने, हा प्रश्न मिटतो, पण आयएसएसएफच्या पिस्तुल प्रकारांत त्याला परवानगी नाही. पुढे स्पर्धा खेळायची इच्छा असेल तर उघड्या साइटवरच हात बसवावा.

आता गोळी. निव्वळ छंदासाठी आमचं उत्तर ठरलेलं आहे: आधी एअर पिस्तूल किंवा .२२, आणि ९ मिमी त्यानंतर. .२२ लाँग रायफलची शिशाची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची. ९ मिमीची ११५ किंवा १२४ ग्रेनची. धक्का आणि आवाज वाढला की शरीर गोळी सुटण्याआधीच दचकायला शिकतं आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो. ओळखायची असेल तर दुसऱ्याला मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांत एखादी डमी (न उडणारी नकली गोळी) मिसळून भरायला सांगा. डमीवर ट्रिगर दाबताच नळी खाली गेली, तर दचक आहे.

एअर पिस्तुलांत १९६५ चं फाइनवेर्कबाऊ ६५ स्प्रिंगवर चालतं. त्याची नळी रुळांवर मागे सरकून धक्का गिळते. जुनं घेताना सील बदलले आहेत का ते विचारावं. बैकाल आयझेएच-४६एम एका लांब दांडीने हवा दाबतं, सिलिंडर लागत नाही. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्यांत तापमानाबरोबर दाब बदलतो आणि ग्रुप वरखाली होतो. आजची बहुतेक मॅच पिस्तुलं २०० बारपर्यंत भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर आणि दाब एकसारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरवर चालतात. सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा: अनेक उत्पादक दहा वर्षांनंतर तो वापरू नका असंच सांगतात. पेलेटचा (एअर पिस्तुलाच्या शिशाच्या छर्‍याचा) व्यास ४.४९ मिमी हवा की ४.५० मिमी, हे ज्या त्या नळीवर शिकंजात लावूनच कळतं.

.२२ च्या अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळी अडकणं ही सर्वांत नेहमीची तक्रार. आम्ही आधी गोळीकडे पाहतो. टार्गेट पिस्तुलांच्या स्प्रिंग बहुधा स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या, म्हणजे सेकंदाला साधारण ३२५ मीटरच्या गोळीसाठी जुळवलेल्या असतात. त्यापेक्षा मंद गोळीने स्लाइड पुरती मागे जात नाही आणि रिकामी केस खिडकीत उभी अडकते. वेगवान गोळी भागांना उगीच ठोकते. गोळी बरोबर असूनही अडकत असेल तर मॅगझिनचे ओठ वाकले आहेत का पाहा. दोन मॅगझिनना खुणा करा, दोष एकाबरोबर फिरतो का ते लगेच कळेल. नंतर चेंबर: गोळीवरचं मेण आणि काजळी यांचं कडं साचलं की शेवटचा मिलिमीटर गोळी आत जात नाही. शेवटी एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे रिकामी केस बाहेर ओढणाऱ्या भागाची, नखी. ती दात घासायच्या ब्रशने साफ होते. मनगट ढिलं असलं तरी स्लाइडला मागे जायला आधार मिळत नाही, ही शक्यता आम्ही माणूस बदलून तपासतो.

गोळी उडालीच नाही तर नळी टार्गेटकडे ठेवून ३० सेकंद थांबायचं, मग ती काढायची. .२२ मध्ये बारूद पेटवणारं मिश्रण केसच्या कडेत फिरवून भरलेलं असतं, एखाद्या जागी ते कमी पडतं. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर पुढची गोळी अजिबात नको. पिस्तूल रिकामं करून नळी मोकळी आहे का ते पाहायचं.

साफसफाई सोपी असणं हाही निवडीचा निकष आहे. रुगरने २०१६ मध्ये मार्क ४ आणलं, त्यात एक बटण दाबून पिस्तूल उघडतं. त्याआधीच्या मार्क मालिकेची जोडणी अनेकांना घाम फोडायची, म्हणून ती पिस्तुलं वर्षानुवर्षं न उघडता पडून राहत. वाल्थर जीएसपी आणि पार्डिनी एसपी यांत मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं, त्यामुळे वजन पुढे येतं आणि नळी हाताच्या जवळ खाली बसते. .२२ ची नळी अति घासू नये. तोंडाकडून घातलेली उघडी पोलादी काठी नळीचं टोक झिजवते आणि ग्रुप कायमचा पसरतो. दोरीचा ओढब्रश चेंबरकडून घाला. रिकाम्या .२२ वर ट्रिगरचा सराव करायचा तर चेंबरमध्ये प्लास्टिकची डमी हवी, नाहीतर फायरिंग पिन (गोळीवर आघात करणारी सुई) चेंबरची कड ठेचू शकते.

कानांना प्लग आणि वरून मफ, दोन्ही. बंद रेंजवर .२२ चा आवाजही क्षणभर १४० डेसिबलच्या वर जातो. डोळ्यांना चष्मा. शिसं हाताला लागतंच, म्हणून काही खाण्याआधी गार पाणी आणि साबण. रेंजची जमीन कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या कापडाने पुसावी. घरी पिस्तूल कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि आपल्या ठिकाणचा परवाना हे सगळ्याच्या आधी.

पिस्तूल पक्कं झालं की त्यासोबत आम्ही एक पत्रक देतो: ट्रिगरचं मोजलेलं वजन, साइटची जागा, पाच गोळ्यांचा ग्रुप असलेला कागद, आणि तो ज्या गोळीने आला तिचा लॉट (एकत्र बनवलेल्या खेपेचा) क्रमांक. शक्यतो त्याच लॉटच्या गोळ्या एकदम घ्याव्यात. पहिल्या ५०० गोळ्यांनंतर ते पुन्हा टेबलावर येतं. तेव्हा ग्रिपचे स्क्रू, ट्रिगरचं वजन आणि मागच्या साइटची ढिलाई तपासतो. बहुधा ग्रिपचाच एखादा स्क्रू पाव फेरा सैल झालेला असतो.