तुम्ही विचारलंत म्हणून : सीए तुमचा कर किती वाचवतात?

आमच्या गल्लीत एक मुलगी घरगुती कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा व्यवसाय करते. गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, तुमचे सीए वर्षाला एवढी फी घेतात, मग ते तुमचा टॅक्स तरी किती वाचवतात?" हाच प्रश्न मला आमच्या सोलापुरातल्या साखर पेठेतल्या व्यापाऱ्यांनी विचारला आहे, लग्नकार्यात नातेवाइकांनी विचारला आहे आणि नव्याने शिलाईचे युनिट टाकणाऱ्या कितीतरी जणांनी विचारला आहे. तिला त्या दिवशी चहा घेता घेता अर्धेच उत्तर देता आले, म्हणून आता सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट ही की, आमच्या सीएंमुळे माझा कर कमी झाला नाही. त्यांच्याकडे गेले त्या पहिल्या वर्षी तो वाढला. तरीही त्यांची फी मला कधी जड वाटली नाही, आणि असे का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आमचा शालेय गणवेश शिवण्याचा व्यवसाय आहे. सासऱ्यांनी सुरू केलेले हे युनिट २०११ पासून मी पाहते. सासऱ्यांच्या काळापासून एक कर सल्लागार आमचे काम करीत होते. वर्षातून एकदा बिलांची पिशवी त्यांच्याकडे पोहोचवायची, काही दिवसांनी ते सांगतील तेवढे चलन भरायचे, आणि मग वर्षभर त्या विषयाकडे पाहायचे नाही, अशी आमची रीत होती. "मॅडम, तुम्ही धंदा बघा, बाकी माझ्यावर सोडा," असे ते म्हणत आणि मला त्याचा आधार वाटे. ते मनाने वाईट नव्हते. पण माझा अखेरचा साठा किती आहे, हे त्यांनी मला एकदाही विचारले नाही आणि मीही त्यांना कधी सांगितले नाही.

गणवेशाच्या धंद्यात साठ्याचे महत्त्व काय असते, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपली की भिलवाड्याहून, इचलकरंजीहून कापडाच्या गाठी येऊ लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कटिंग आणि शिलाई जोरात चालते, आणि माल विकला जातो तो एप्रिल ते जूनमध्ये. म्हणजे ३१ मार्चला, हिशेबाचे वर्ष ज्या दिवशी संपते नेमक्या त्याच दिवशी, आमचे गोदाम वर्षातले सर्वांत भरलेले असते. दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवण्याची जुनी पद्धत १९८९ मध्ये सगळ्यांसाठी ३१ मार्च हाच वर्षअखेर ठरल्यावर बंद झाली. सासरे म्हणत, की दिवाळीला गोदाम मोकळे असायचे, मोजणी दोन तासांत व्हायची. वहीपूजन आम्ही अजूनही लक्ष्मीपूजनालाच करतो. मोजणी मात्र ऐन हंगामाच्या गर्दीत करावी लागते.

विक्रीतून वर्षाच्या सुरुवातीचा साठा, खरेदी, मजुरी आणि खर्च वजा केल्यावर जो आकडा राहतो, त्यात वर्षअखेरचा साठा मिळवल्याशिवाय नफा ठरत नाही. साठा कमी दाखवला की नफा कमी दिसतो. आमचे सल्लागार गेल्या वर्षीचा आकडा घेऊन तो थोडा पुढे सरकवीत आणि नफा "बसवून" देत. याचा परिणाम मला २०१८ मध्ये कळला. काज-बटणाची नवी यंत्रे घेण्यासाठी आणि कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेतून उचलायच्या रकमेची, मर्यादा वाढवून घेण्यासाठी मी बँकेत अर्ज केला. तेथील अधिकाऱ्यांनी दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले. एक होते मार्चअखेरचे स्टॉक स्टेटमेंट, जे मी स्वतः माझ्या सहीने बँकेला दिले होते. त्यात साठा ३८ लाखांचा होता. दुसरा होता ताळेबंद, त्यावरही माझीच सही होती. त्यात साठा २२ लाखांचा होता. त्यांनी शांतपणे विचारले, "यातला खरा कोणता?" मला उत्तर देता आले नाही. कर्ज मागितल्याच्या निम्मेही मंजूर झाले नाही, आणि ते योग्यच होते, कारण ज्या नफ्यावर हप्ते फेडायचे तो नफाच आम्ही कागदावर दाखवला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशापेक्षा त्या प्रश्नाचे दुःख जास्त होते.

पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट उघड झाली. एका संस्थेने आमच्या शिलाईच्या बिलांवर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कर, कापला होता. त्याचा परतावा येणे होते, पण तो आयकर विभागाच्या जुन्या मागणीपोटी वळता झाल्याचे कळले. मागणी कसली, तर कामगारांच्या पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी आम्ही काही महिने १५ तारखेनंतर भरला होता. तेव्हाच्या कायद्यानुसार कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा मुदतीत भरला नाही, तर मालकाला त्याची वजावट कायमची गमवावी लागे. याविषयी न्यायालयांत मतभेद होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ते मिटवले आणि नियम कडक असल्याचेच कायम केले. आयकर विभागाने वजावट नाकारण्यापूर्वी उत्तर देण्यासाठी ३० दिवस दिले होते. पण ते कळवणारा ई-मेल माझ्याकडे आलाच नव्हता. आयकराच्या पोर्टलवर माझ्या नावापुढे मोबाइल आणि ई-मेल सल्लागारांचा होता. पासवर्ड त्यांच्याकडे होता. एवढेच नव्हे, तर आमच्या हिशेब तपासणीच्या अहवालावर कोणत्या सीएंची सही होती, हेही मी कधी पाहिले नव्हते. सही माझी असो वा नसो, विवरणपत्र माझे होते आणि जबाबदारीही माझीच होती.

त्यानंतर मी सध्याच्या सीएंकडे गेले. पहिल्या भेटीत त्यांनी कराचा विषयच काढला नाही. त्यांनी विचारले, "तुमचा माल आज कुठे-कुठे आहे?" मी म्हणाले, गोदामात. ते म्हणाले, "आणि शिवायला बाहेर दिलेला?" आमचे बरेच काम विडी घरकुल भागातल्या बायका घरी मशीनवर करतात. कापलेल्या मालाचे गठ्ठे त्यांच्याकडे जातात आणि आठवड्याने शिवून परत येतात. तो माल त्यांच्या घरी असला तरी माझाच असतो, आणि तो आम्ही कधीच मोजला नव्हता. त्या ३१ मार्चला कटिंग मास्तर आणि मी सकाळपासून मोजणीला बसलो. न फोडलेले ताके, कापलेले पण न शिवलेले गठ्ठे, बाहेर गेलेले काम, इस्त्रीच्या टेबलावरचा माल आणि पेटीबंद माल, असे पाच रकाने केले. बाहेर गेलेल्या कामासाठी प्रत्येक बाईच्या वहीतली नोंद आमच्या माल पाठवल्याच्या चलनांशी जुळवली. ज्या शाळेने गणवेशाचा रंग बदलला होता, तिचे २४० फ्रॉक मी खरेदीच्या भावानेच धरत होते. साठा खरेदीची किंमत आणि बाजारभाव यांपैकी जो कमी असेल त्या दराने धरायचा असतो, हे मला त्या दिवशी कळले. तो माल आम्ही पडेल भावाने धरला. म्हणजे खरी मोजणी नेहमी कर वाढवतेच असे नाही. काही ठिकाणी ती कमीही करते. एकंदरीत मात्र त्या वर्षी नफा वाढला आणि करही वाढला. दोन वर्षांनी त्याच बँकेने मागितलेली मर्यादा मंजूर केली.

मला जे सांगायचे आहे ते एवढेच, की हिशेबनिसाचे खरे काम विवरणपत्र भरण्याच्या वेळी नसते, ते डिसेंबरात असते. वर्ष संपल्यावर कोणीही फक्त झालेले लिहून काढू शकतो. वर्ष चालू असताना जो प्रश्न विचारतो, त्याच्यामुळे काही बदलता येते.

याचे अगदी ताजे उदाहरण उधारीचे आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराच्या कलम ४३बी मध्ये एक नवे पोटकलम लागू झाले. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. ही मुदत उलटली आणि ३१ मार्चलाही रक्कम थकीत असली, तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही; ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरला जातो. आमच्या धंद्यात कापडाची उधारी पूर्वापार ९० दिवसांची. २० जानेवारीला आलेल्या कापडाचे ४५ दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपतात, आणि आमच्या हातात पैसा येतो जूनमध्ये. म्हणजे न मिळालेल्या नफ्यावर कर भरण्याची वेळ यायची, तीही हंगामाच्या तोंडावर. आमच्या सीएंनी त्या डिसेंबरातच सर्व पुरवठादारांची यादी आणि उद्यम प्रमाणपत्रे, म्हणजे उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम हे सांगणारी सरकारी नोंदणीपत्रे, मागवली. आमचे चौदा पुरवठादार होते. त्यांतले काही निव्वळ व्यापारी होते, त्यांना हा नियम लागू नव्हता. काही मध्यम उद्योग होते, त्यांनाही नव्हता. उरले पाच. त्या पाचांची बिले आम्ही कॅश क्रेडिटमधून मार्च संपण्यापूर्वी दिली आणि बाकीच्यांची उधारी जुन्या रिवाजाने चालू ठेवली. महिना-दोन महिन्यांचे व्याज गेले, पण कराचा भार टळला. त्याच वर्षी दोन दुकानदारांनी मला उलट सुचवले होते, की तुम्हीच तुमची उद्यम नोंदणी काढून टाका, म्हणजे आम्हाला तुमचे पैसे लवकर द्यावे लागणार नाहीत. मी तसे केले नाही आणि कोणी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या मुलीच्या व्यवसायाविषयी. तिला माझ्यासारखी व्यवस्था आज लागणार नाही. लहान व्यवसायासाठी अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, जुन्या कायद्यात ती कलम ४४एडी म्हणून ओळखली जाई. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण कल्पना तीच आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ३ कोटींपर्यंत असेल, तर बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के आणि रोखीच्या रकमेच्या ८ टक्के नफा धरता येतो. समजा, तिची उलाढाल ४० लाखांची झाली आणि त्यातले ३६ लाख खात्यात व ४ लाख रोखीने आले, तर नफा २ लाख ४८ हजार धरला जाईल. पण हा किमान आकडा आहे. प्रत्यक्षात जास्त मिळाले असेल तर जास्त दाखवायचे असते, आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर द्यावा लागत नाही, त्यामुळे या टप्प्यावर उत्पन्न लपवण्याचे काही कारणही उरत नाही. उद्या तिला भाकरी भाजण्याचे मोठे यंत्र घ्यायचे झाले, तर बँक हीच विवरणपत्रे मागणार आहे. शिवाय एकदा या योजनेत येऊन पुढच्या वर्षी नफा कमी दाखवून बाहेर पडले, तर ५ वर्षे परत येता येत नाही. म्हणून हा निर्णय घेण्यापूर्वी एकदा सीएंना विचारावे, आणि वर्षातून दोन भेटींची फी आधीच ठरवून घ्यावी.

सल्लागार कोणताही निवडा, पण पोर्टलवर मोबाइल आणि ई-मेल स्वतःचाच ठेवा. तपासणी अहवालावर सीएंच्या सहीसोबत यूडीआयएन हा १८ अंक-अक्षरांचा क्रमांक असतो. तो सीएंच्या संस्थेच्या (आयसीएआयच्या) संकेतस्थळावर टाकून अहवाल खरा आहे का, हे दोन मिनिटांत पाहता येते. विवरणपत्र दाखल होण्यापूर्वी त्याची प्रत मागून घ्या आणि उलाढाल, साठा, नफा हे तीन आकडे तरी स्वतः वाचा. जीएसटीत दाखवलेली उलाढाल आणि इथली उलाढाल जुळते का, हे विचारा. कोणी "तुम्हाला किती नफा दाखवायचा आहे?" असे विचारले, तर तिथून उठा. माझ्या मते याहून मोठी धोक्याची खूण नाही.

रोखीबद्दलही एक सांगते. एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च धरला जात नाही. आमच्या कारागिरांची आठवड्याची मजुरी या मर्यादेच्या आत असते, तरीही आता आम्ही ती खात्यावरच टाकतो. सुरुवातीला काही बायकांनी नको म्हटले. आता त्याच पासबुक दाखवून मुलांच्या फीसाठी कर्ज काढतात.

त्या मुलीचे यूपीआय सध्या तिच्या नवऱ्याच्या पगाराच्या खात्याला जोडलेले आहे. चटणीचे पैसे आणि पगार एकाच खात्यात येतात, आणि त्यातूनच किराणा, दूध आणि शेंगांची पोती घेतली जातात. त्यामुळे माझे उत्तर तिच्यासाठी सध्या एवढेच आहे, की सीएंकडे जाण्यापूर्वी या आठवड्यात व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडावे आणि क्यूआर कोड बदलून घ्यावा. ते झाले की तिची शेंगांच्या खरेदीची वही घेऊन ती आणि मी एका संध्याकाळी बसणार आहोत.