रोटर दोन्हीकडे, चाक एकीकडे: ७एस२६ समजून घेताना

सेको ५ घड्याळाची चावी तीनच्या आकड्यापाशी नसते. ती चारपाशी असते, तीही केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, निम्मी दडलेली. १९६३ साली पहिलं सेको ५ आलं तेव्हापासूनची ही ठेवण. रोज चावी द्यायचीच नाही, तर ती बोटांना सापडायची गरज काय, असा त्यामागचा विचार. माझ्या घड्याळात ७एस२६ हे मशीन आहे, १९९६ सालचं डिझाइन. त्याला तर हाताने चावी देताच येत नाही. मनगट हललं की स्प्रिंग भरते. पण काचेच्या पाठीतून बघावं तर रोटर, म्हणजे स्प्रिंग भरणारं फिरतं वजन, कधी डावीकडे फिरतो, कधी उजवीकडे. मग एका फेरीत भरलेली स्प्रिंग उलट फेरीत सुटत कशी नाही? हे कळेपर्यंत मला चैन पडेना.

वापरातलं घड्याळ तसंच ठेवून एक जुनं सुटं मशीन मिळवलं आणि ओळखीच्या घड्याळजी काकांकडे जाऊन बसलो. त्यांनी भिंग हातात दिलं आणि आधी एकच गोष्ट बजावली, "स्प्रिंग उतरवल्याशिवाय आत हात घालायचा नाही." क्लिक, म्हणजे स्प्रिंग उलट सुटू न देणारा खटका, चिमट्याने बाजूला धरायचा आणि रॅचेट व्हीलचा, म्हणजे स्प्रिंग भरणाऱ्या दातेरी चाकाचा, स्क्रू स्क्रूड्रायव्हरखाली सावकाश मागे येऊ द्यायचा. तो दाब हाताला जाणवतो. सुमारे ४० तास घड्याळ चालवणारी ताकद तीच.

मधला एक स्क्रू काढला की रोटर हातात येतो. खाली एक लहान चाक असतं, त्यावर मध्यापासून जरा सरकवलेली खुंटी, आणि खुंटीवर बसवलेला दोन फाट्यांचा चिमुकला दांडा. हाच तो मॅजिक लिव्हर, सेकोने १९५९ साली आणलेला. रोटर कुठल्याही बाजूने फिरो, खुंटी दांड्याला फक्त पुढे-मागे हलवते. दिशेचा प्रश्न इथेच संपतो! दांड्याचे दोन फाटे पुढच्या दातेरी चाकाला दोन बाजूंनी टेकलेले असतात. दांडा पुढे गेला की एक फाटा दात ढकलतो आणि दुसरा दातांवरून घसरतो. मागे आला की दुसरा दात ओढतो आणि पहिला घसरतो. विहिरीचं पाणी शेंदताना दोन्ही हात आळीपाळीने दोर ओढतात, तसंच. चाक मात्र सतत एकाच दिशेने जातं आणि रॅचेट व्हीलमार्फत स्प्रिंग भरत राहतं. मी रोटर परत बसवून बोटाने कितीदा तरी उलटसुलट फिरवला आणि भिंगातून ते फाटे पाहत राहिलो. इतक्या थोड्या भागांत एवढं काम होताना मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. स्प्रिंग पूर्ण भरली तरी तुटत नाही, कारण तिचं बाहेरचं टोक बॅरलच्या, म्हणजे ती ज्या गोल डबीत असते तिच्या, भिंतीवरून घसरतं.

पुढची साखळी कुठल्याही चावीच्या घड्याळासारखीच: बॅरल, मधलं चाक, तिसरं चाक, सेकंदाचं चाक, मग वेग आवरणारे एस्केप व्हील आणि पॅलेट, आणि शेवटी मागेपुढे झुलणारं चाक, बॅलन्स. तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा. म्हणून सेकंदकाटा सरकल्यासारखा वाटतो.

खरा कस जोडताना लागतो. मोठा ब्रिज, म्हणजे चाकांना वरून धरणारी पट्टी, बसवायचा तर बॅरल आणि चाकांची टोकं एकदमच आपापल्या भोकांत शिरायला हवीत. जोर लावला की टोक मोडलंच. काका ब्रिजवर बोट नुसतं टेकवून चाकं चिमट्याने जराजरा हलवत होते. सगळी टोकं बसली की ब्रिज आपण होऊन खाली उतरतो. तो क्षण बोटाला कळतो.

वेळ लावणं मग सोपं वाटलं. मोबाइलच्या ॲपवर ठोके ऐकवायचे आणि बॅलन्सवरचा रेग्युलेटर, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा दांडा, केसभर सरकवायचा. कंपनीच्या हिशेबाने दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढा फरक चालतो, पण नीट लावलं तर हे मशीन त्याहून पुष्कळ बरं चालतं. तबकडी वर ठेवून एक वेग, चावी खाली ठेवून दुसरा, म्हणून निरनिराळ्या बाजूंनी ठेवून पाहावं लागतं. रात्री नऊनंतर पहाटेपर्यंत तारीख-वार चावीने बदलू नयेत, हेही काकांनीच दाखवलं: त्या वेळी बदलाची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात.

नंतरच्या ४आर३६ मध्ये हाताने चावी देता येते, चावी ओढली की सेकंदकाटाही थांबतो. रोटरखाली मात्र तोच दोन फाट्यांचा दांडा आहे.