घरासाठी बंदूक घ्यायची म्हणताय? मग हे एकदा वाचा

२०२५ मध्ये आपल्या गोव्यात दोनापावला, म्हापसा, बायणा असे एकामागोमाग दरोडे पडले, आणि तेव्हापासून आमच्या फोंड्यात चार माणसं जमली की विषय फिरून तिथेच येतो. ग्रील लावली का, कॅमेरे बसवले का, आणि मग कोणीतरी म्हणतंच की एक बंदूकच घेऊन टाकूया. माझ्या धाकट्या दिरानं तर जेवताना सरळ विचारलं, "वहिनी, बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर बरं की बाराबोरची?" मला विचारलं कारण माझ्या माहेरी सत्तरीत बागायतीसाठी बाबांची लायसनवाली दोनाळी बाराबोर, म्हणजे दोन नळ्यांची छऱ्यांची बंदूक, आहे आणि तिचे कागद, रिन्युअल, इलेक्शनला जमा करणं, परत आणणं हे सगळं गेली बरीच वर्षं मीच बघते.

त्याला सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते. कुठली घ्यायची हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. आधी घरात ती ठेवणार कुठे, चावी कोणाकडे राहणार, आणि उद्या कोर्टात उभं राहावं लागलं तर "दुसरा उपाय नव्हता" असं म्हणता येईल का, याची उत्तरं पाहिजेत.

मुळात बंदूक बाळगणं हा आपल्याकडे हक्क नाही, ती परवानगी आहे. १९५९ चा आर्म्स अ‍ॅक्ट आणि २०१६ चे नियम. वय २१ पूर्ण पाहिजे, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलीस घरी येऊन चौकशी करतात, बंदूक सुरक्षित कशी हाताळायची याचं ट्रेनिंग आणि ती नीट ठेवू याची लेखी हमी द्यावी लागते. आणि नुसती "भीती वाटते" म्हणून भागत नाही, धोका नेमका काय ते सांगावं लागतं. अर्ज नाकारला तर वर अपील करता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका, आधी तीन चालायच्या, आणि लायसन तीनऐवजी पाच वर्षांचं झालं. लायसन कुठल्या भागापुरतं चालतं, काडतुसं किती ठेवता येतात हे सगळं त्यावरच लिहिलेलं असतं, ते वाचा, कारण गोव्यापुरतं लायसन असताना गाडीत टाकून बेळगावला नेली तर तो गुन्हाच आहे. बिनलायसन बंदूक सापडली तर दोन ते पाच वर्षं कैद, हीसुद्धा २०१९ नंतरची शिक्षा.

आता निवड. सिनेमात दिसतं ते नऊ एमएमचं पिस्तूल विसराच, तो प्रोहिबिटेड बोर, म्हणजे कायद्यानं मनाई केलेलं नळीचं माप, साध्या माणसाला मिळत नाही. म्हणजे प्रत्यक्षात उरतं बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, नाहीतर बाराबोर. लोकांना रिव्हॉल्व्हर आवडतं कारण लहान, उशीखाली मावतं. मला नेमकी त्याचीच धास्ती वाटते. जे उशीखाली मावतं ते पोराच्या हातातही मावतं, आणि छोट्या नळीनं, अंधारात, हात थरथरत असताना नेम धरायला जी प्रॅक्टिस लागते ती आपल्यातलं कोण करणार आहे? शिवाय पर्वरी-ताळगावच्या फ्लॅटमधल्या आतल्या भिंती म्हणजे चार इंची विटा आणि प्लायवूडचे दरवाजे, चुकलेली गोळी थांबेल कुठे याचा भरवसा नाही, पलीकडच्या खोलीत आपलीच माणसं झोपलेली असतात. जुन्या चिऱ्यांच्या घराची गोष्ट थोडी वेगळी, पण दारं-खिडक्या तिथेही असतातच. म्हणून घरात लहान मुलं असतील तर माझं मत रिव्हॉल्व्हरच्या पूर्ण विरोधात आहे.

बाराबोर लांब, जड, लपवायला कठीण, आणि ती उघडी करून ठेवली की भरलेली आहे की नाही ते लगेच दिसतं. आमच्या घरी नियमच आहे, कोणाच्या हातात द्यायची तर आधी नळ्या खाली वाकवून बंदूक उघडायची, काडतुसं बसतात ती दोन्ही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघायचं, बोट घालून चाचपायचं, नळीतून उजेडाकडे बघायचं, आणि मग उघड्या अवस्थेतच द्यायची. बाबा आत्ता पाच मिनिटांपूर्वी बघितलेली असली तरी परत बघतात. आजोबांच्या काळातली जुनी बंदूक असेल तर आधी लायसनवाल्या गनस्मिथला दाखवा, कारण जुन्या विलायती बंदुकांची घरं बऱ्याचदा ६५ मिलिमीटरची असतात आणि आजची काडतुसं ७० ची, ती आत बसतात पण उडताना प्रेशर वाढतं. आणि आपला पावसाळा! जूनपासून सप्टेंबरपर्यंत चामड्याच्या कव्हरात बंदूक ठेवली की कव्हर ओल धरतं आणि नळीला गंज चढतो, म्हणून बाबा कव्हर बाजूला काढून, तेलाचा हात फिरवून ती लोखंडी कपाटात कुलपात ठेवतात, काडतुसं दुसऱ्या खोलीत वेगळ्या ट्रंकेत, त्या ट्रंकेची चावी आईकडे.

दीर म्हणाला, मग रात्री दोन वाजता दरोडेखोर आले तर दोन कपाटं उघडत बसायचं? हो, उघडतच बसायचं, खरी अडचण तीच आहे आणि दुकानात कोणी ती सांगत नाही. मुलाबाळांच्या घरात सुरक्षित ठेवलेली बंदूक हाताशी नसते, आणि हाताशी ठेवलेली सुरक्षित नसते. म्हणून घराचं संरक्षण म्हणजे आधी मजबूत दार, आतून कडी, अंगणात लाईट, शेजाऱ्यांचे नंबर आणि ११२. सगळ्यांना एका खोलीत घेऊन दार लावलं, पोलिसांना फोन केला, आणि तरीही ते दार फोडून आत यायला लागले, तर त्या वेळेपुरती बंदूक. त्याच्या आधी नाही.

कायदाही साधारण याच वाटेनं जातो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, दोन्ही कलम ३७ मध्ये. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची, बलात्काराची, पळवून नेण्याची, अ‍ॅसिड हल्ल्याची वाजवी भीती असेल तर समोरच्याचा जीव जाईपर्यंतही बचाव करता येतो, ते कलम ३८. मालमत्तेसाठी तेवढी मुभा कलम ४१ देतं, पण ती जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यानची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं अशाच प्रसंगांत, किंवा चोरी करतानाच जिवाची भीती निर्माण झाली तर. कुळागरातून नारळ-सुपाऱ्या नेणाऱ्यावर गोळी नाही. आणि चोर कुंपणावरून उडी मारून पळून गेला, घरातला धोका संपला, तर त्याच्या पाठीवर झाडलेली गोळी बचाव ठरत नाही, तो तुमचाच गुन्हा. "मी स्वतःला वाचवत होतो" हे दाखवण्याची जबाबदारीही तुमची. कोर्ट भांबावलेल्या माणसाकडून तागडीत तोलून वागण्याची अपेक्षा करत नाही हे खरं, पण बंदूक जप्त होते, जबाब होतात आणि तारखा सुरू होतात. धमकावायला हवेत बार काढणं हाही खेळ नाही, निष्काळजीपणे गोळी झाडून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि बंदूक आलीच आहे तर रानडुकराला, गव्याला हाणूया असं मनात आणू नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे.

इलेक्शन आलं की बंदूक पोलीस स्टेशनात जमा करायची नोटीस येते, तेव्हा पावती घ्या आणि जपून ठेवा. बागायतदारांची दरवेळची तक्रार असते की नेमकी माकडं उतरतात तेव्हाच त्यांना पळवायला बंदूक नसते, आणि ती तक्रार बरोबर आहे. कोणाची जमा करायची हे इलेक्शनसाठी जिल्ह्यात नेमलेल्या स्क्रीनिंग कमिटीनं एकेक नाव बघून ठरवायचं असतं, तेव्हा बागायतीचं कारण लिहून अर्ज द्यायला काहीच हरकत नाही.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जुन्या घरांत राहून जाते. लायसन ज्याच्या नावावर तो गेला की ती बंदूक घरच्यांसाठी बिनलायसनची होते, माळ्यावर गुंडाळून ठेवली तरी. उगाच दिवस न घालवता ती पोलीस स्टेशनात किंवा लायसनवाल्या डीलरकडे जमा करावी लागते, आणि मग वारसानं स्वतःच्या नावावर लायसन मागायचं. पण लायसनधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयात असतानाच वारसाच्या नावानं अर्ज करता येतो. आमच्या बाबांची दोन्ही झालीत, भावाचा अर्ज आम्ही टाकलाय. दिराला म्हटलं, तुझ्या सासऱ्यांकडे एक सिंगल बॅरल आहे ना, नवीन घेण्याच्या आधी तिचे कागद काढून बघ.